पहिल्या महिन्याची धार

माझी मावशी कुणाच्याही घरी गेली की आधी स्वयंपाकघरात डोकावते. तिथली सुरी उचलते, उजेडाकडे धरते आणि पात्याच्या कडेवरून नजर फिरवते. कडेवर उजेड चमकला तर सुरी बोथट. धारदार कडेवर उजेडाला टेकायला जागाच नसते, हे ती लहानपणी शिकली. मग ती सुरी जागच्या जागी ठेवते आणि बाहेर येऊन खुर्चीत बसते. बोलत काहीच नाही. पण त्या घरच्या बाईंना काय ते कळतं, आणि त्या उगीचच म्हणतात, "अहो, नवीन घ्यायचीच आहे."

"नका घेऊ," मावशी म्हणते. "चांगलं पोलाद आहे. कुणी लक्ष दिलं नाही एवढंच."

मावशी माझ्या आईपेक्षा नऊ वर्षांनी लहान. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर "राहून गेलं" म्हणते, आणि ते अशा सुरात, की बाहेर पडताना छत्री घ्यायची राहून जावी. कपड्यांच्या कारखान्यात कटिंग विभागात तिने तेवीस वर्षं काढली. लांबलचक टेबलावर कापडाचे ऐंशी थर एकावर एक अंथरायचे, वर खडूने आखायचं आणि विजेच्या कटरने एका दमात कापायचं. हात हलला तर एक नाही, ऐंशी शर्ट वाया. तिचा हात हलत नसे. तिथे तिला सगळे 'मास्तर' म्हणत, आणि ती हजेरीच्या वेळेला कधी एक मिनिटही उशिरा पोचली नाही. कारखाना बंद झाला तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती. शेवटच्या दिवशी लोकांनी खुर्च्या मागितल्या, पंखे मागितले. मावशीने फक्त आपली बारा इंची कात्री मागून घेतली आणि ती मफलरमध्ये गुंडाळून घरी आणली.

घरी म्हणजे आमच्याकडे. आजोबाही आमच्याकडेच होते. आजोबा धारवाले. पायाने फिरवायचं चाक खांद्याला अडकवून त्यांनी चाळीस वर्षं गल्ल्या पालथ्या घातल्या. चाक नेहमी उजवीकडे असायचं, म्हणून उजवा कान गेला. आता ते खिडकीशी बसत आणि जे ऐकायचं नसेल ते उजव्या कानाने ऐकत.

पहिले दोन महिने मावशी नोकऱ्या शोधत फिरली. एका संध्याकाळी ती आमच्या स्वयंपाकघरात टोमॅटो चिरायला बसली आणि टोमॅटो चिरण्याऐवजी पिचकला. तिने सुरी उजेडाकडे धरली.

"ताई," ती आईला म्हणाली, "धारवाल्याच्या घरात ही सुरी?"

"अगं, अण्णांना आता कुठे जमतंय. आणि मला सवय झालीय."

"तेच," मावशी म्हणाली. "तेच म्हणतेय मी."

कारखान्यात दर शनिवारी एक माणूस येई आणि सगळ्या कात्र्या, सगळी पाती धार लावून जाई. बोथट झाली असोत की नसोत. तिथे कुणी कात्री बोथट व्हायची वाट बघत नसे. घरात मात्र सुरी रोज इतकी थोडी बोथट होते की कुणाला कळतच नाही, आणि कळतं तेव्हा धारवाला दारात नसतो. आजोबा आयुष्यभर आरोळी देत फिरले. ज्या घरात त्या दिवशी आठवण होती त्यांनी बोलावलं, ज्यांना नव्हती ते दार लावून जेवत बसले. मावशीने ठरवलं, आरोळी द्यायची नाही. लोक पेपर लावतात, दूध लावतात. तसंच हेही महिन्याचं करायचं. ठरलेल्या तारखेला घरी जायचं, दोन सुऱ्या आणि एक कात्री घेऊन यायचं, तोवर वापरायला एक आपली सुरी ठेवायची, दुसऱ्या दिवशी धार लावून परत. कुणी काही लक्षात ठेवायचं नाही. लक्षात मावशी ठेवणार.

बाबांना हे ऐकून हसू आवरेना. "म्हणजे तुझ्या ताईच्या जिभेलाही दर महिन्याला येऊन धार लावून जाणार का?"

"भावोजी, तिकडे गरज नाही," मावशी म्हणाली. "ते कारखान्यातूनच तसं आलंय."

आजोबांच्या चाकाला मावशीने छोटी मोटर बसवून घेतली. पण मोटर सुरू झाली की खालच्या मजल्यावरच्या बाई काठीने छत ठोकत. दुसऱ्या दिवशी त्या वर आल्या, आणि पुन्हा चाक फिरलं तर तक्रार देईन म्हणाल्या. घरात हे काम होणार नव्हतं. मग बाजाराच्या तोंडाशी जिन्याखाली चाव्या बनवणाऱ्याचं दुकान होतं, तिथे मावशीने विचारलं. चावीवाला तिच्याच वयाचा, चष्मा कपाळावर आणि नजर नेहमी एखाद्या कुलपाच्या पोटात. त्याच्याकडे एक टेबल रिकामं होतं. ते मोबाईलची कव्हरं विकणाऱ्या एकाने मागून ठेवलं होतं.

"तीन महिने बसा," चावीवाला म्हणाला. "तीन महिन्यांत चाळीस घरं जोडलीत, तर टेबल तुमचं. नाही तर कव्हरवाला. मलाही शेजारी गिऱ्हाईक येणारा माणूस पाहिजे, मास्तर. नुसतं बसून गप्पा मारणारा मीच पुरेसा आहे."

दुसरी जागा नव्हती. टेबल गेलं की चाक पलंगाखाली जाणार, आणि मावशी पुन्हा कुणाच्या तरी हजेरीपटावर. हे तिने कुणाला बोलून दाखवलं नाही, पण घरात सगळ्यांना माहीत होतं.

बाजारामागे नऊ मजली इमारत होती. मावशीने तिथल्या प्रत्येक दारावरची घंटा वाजवली. कॅनव्हासची गुंडाळी उलगडून आतली चकचकीत सुरी दाखवायची, कागदाची पट्टी हवेत धरून तिचे दोन तुकडे करायचे, आणि सांगायचं, "दर महिन्याला अशी." कागद पडला की लोक हो म्हणत. पहिल्याच महिन्यात एकतीस घरं मिळाली. तळमजल्यावरच्या डबेवाल्या काकूंनी तर चार सुऱ्या दिल्या. काकू एकट्या हाताने रोज पंचवीस जणांचे डबे करत. सकाळी सहाला त्यांच्या खिडकीतून फोडणीचा धूर यायला लागला की इमारतीतली माणसं गजर बंद करत. अख्ख्या इमारतीत कुणी भाजीवाला बदलला तरी आधी काकूंना विचारून.

मावशीने त्या एकतीस घरांच्या सुऱ्या जीव ओतून केल्या. आधी चाक, मग खरखरीत दगड, मग पाण्यात भिजवलेला मऊ दगड. पात्याच्या कडेला नखाला जाणवेल न जाणवेल अशी जी बारीक किनार उभी राहते, ती चामड्याच्या पट्ट्यावर काढून टाकायची. प्रत्येक सुरी तिने कागदावर चालवून बघितली आणि मगच परत दिली. त्या आठवड्यात ती घरात गुणगुणत होती, असं आई सांगते.

रविवारी सकाळी कोपऱ्यावरचा औषधवाला तिला रस्त्यात भेटला.

"मावशी, तुमचे आभार मानायचे होते."

"कशाबद्दल?"

"जखमेच्या पट्ट्यांचं माझ्याकडचं एकूण एक पाकीट संपलं. तुम्ही दर महिन्याला येणार म्हणे. तारीख कळवा, आधीच माल भरून ठेवतो."

मावशीला वाटलं चेष्टा करतोय. ती नऊ मजली इमारतीत गेली तर लिफ्टमध्ये तिला तीन बोटं पट्टी बांधलेली दिसली, तीन वेगवेगळ्या माणसांची. लिफ्टच्या आरशाशेजारी सेक्रेटरींनी चिठ्ठी लावली होती: 'सुऱ्या जपून वापराव्यात. लहान मुलांपासून दूर ठेवाव्यात. शक्यतो धार लावून घेऊ नये.' आणि तळमजल्यावर काकूंचं दार बंद होतं. खिडकीत धूर नव्हता. काकूंच्या डाव्या अंगठ्याला तीन टाके पडले होते, आणि पंचवीस डबे बंद झाले होते.

पुढच्या आठवडाभरात एकतीस घरांची बारा झाली.

त्या रविवारी मावशी घरी आली ती रागावून. "काम चोख होतं माझं," ती आईला सांगत होती. "एकेक सुरी बघून दिलीय. सुरीला धार असणारच ना? मग काय लोणी असणार? चूक कुणाची यात?"

आजोबा खिडकीशी होते. डावा कान आमच्याकडे होता.

"पहिल्याच खेपेला पूर्ण लावलीस?" ते म्हणाले.

"मग काय अर्धी लावू?"

"मी लावायचो."

मावशीला ते माहीत होतं. दहा वर्षांची असताना ती एकदा आजोबांबरोबर फिरतीला गेली होती. एका फाटकात एका बाईने सुरी परत त्यांच्या पुढ्यात टाकली आणि म्हणाली, "अर्धवट काम करता. म्हणजे पुन्हा लवकर बोलवावं लागेल, नाही का?" आजोबांनी सुरी उचलली, पुसली, आणि "पुढच्या खेपेला नीट करतो" एवढंच म्हणाले. वाटेत मावशीने त्यांच्याकडे बघितलं नाही. तिच्या मनाने त्या दिवशी घेतलं, की आपला बाप कामात हात राखतो. कारखान्यातली तेवीस वर्षं ती एका अर्थी त्या फाटकापासून दूर पळत होती. हात राखायचा नाही, काहीही झालं तरी नाही.

"अण्णा," ती म्हणाली, "म्हणजे मुद्दाम?"

"नव्या घराला नेहमीच. पूर्ण धार लावायची, पट्ट्यावर घ्यायची, आणि मग वरून दगडाचा एक हलका हात फिरवायचा. धार मरत नाही. झोपते. दुसऱ्या खेपेला जरा जागी करायची, तिसऱ्या खेपेला पूर्ण. तोवर हात सुधारतो. बोथट सुरीवर वाढलेला हात असतो गं तो, दाबतो. त्याला एकदम पाजळलेली सुरी दिली, तर दाबणार कुठे? बोटावर."

"म्हणजे अर्ध्या धारेला काम जास्त लागायचं."

"एक हात जास्त."

"आणि तुम्ही त्या बाईला हे सांगितलं नाहीत."

"काय सांगू? 'बाई, सुरी तयार आहे, तुमचा हात तयार नाही' असं? तिने ती सुरी पुढ्यात टाकली होती. हे ऐकून नेम धरून मारली असती."

आई हसली. मावशी हसली नाही. ती उठली, आजोबांच्या पाण्याचा पेला भरून त्यांच्या हाताशी ठेवला आणि बराच वेळ मोरीत उगीच भांडी घासत राहिली. सदतीस वर्षांचं काहीतरी एका बैठकीत बोलून संपत नाही, आणि आमच्या घरात बोलायची पद्धतही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला ती काकूंच्या दारात उभी होती. काकूंनी दार उघडलं. अंगठा पांढऱ्या गाठोड्यासारखा.

"या," काकू म्हणाल्या. "आता काय पायाचा अंगठा पाहिजे?"

"काही नको. भाज्या चिरायला आलेय."

"तुमच्या त्या सुरीने?"

"तुमच्याकडची जुनी, न दिलेली एखादी असेल तर तिने. टाके निघेपर्यंत येईन. तुम्ही सांगा, मी चिरते. डबे सुरू करा."

काकूंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग बाजूला सरकल्या. "चपला बाहेर," एवढंच म्हणाल्या.

पहिल्या दिवशी मावशीने गाजरं चिरली ती कापड कापल्यासारखी. एकेक तुकडा दुसऱ्याचा जुळा. काकूंनी पाच मिनिटं सहन केलं.

"हे काय चाललंय? मापं घेताय का? पंचवीस माणसं जेवायचीत, त्यांचे शर्ट नाही शिवायचे."

"सरळ नको का?"

"पोटात गेल्यावर कोण बघतंय? हात उचला, मास्तरीणबाई. सव्वाआठला पहिला डबा जातो."

मावशी आठ दिवस गेली. तिचा हात भराभर चालायला लागला, पण ती तिथे खरं बघत होती काकूंचा हात. काकू उजव्या हाताने ढवळत, चव बघत, आणि मधेच न राहवून चमचा घेऊनच हवेत चिरून दाखवत. "असं, असं." त्यांना पाट लागत नसे. कांदा डाव्या तळव्यात, सुरी स्वतःकडे ओढायची, आणि ती येऊन अंगठ्यावर थांबायची. वीस वर्षं रोज पंचवीस माणसांची भाजी त्या अंगठ्यावर थांबली होती. तिथे कातडीला एक जाड रेघ पडली होती. काकूंच्या सुरीचा थांबा म्हणजे त्यांचा अंगठा, आणि बोथट सुरी तिथे शहाण्यासारखी थांबायची. मावशीची सुरी थांबली नाही.

उजवं मनगटही मावशीने बघितलं. दुपारी डबे गेले की काकू ते गरम पाण्यात बुडवून बसत. "जुनं दुखणं," त्या म्हणाल्या. "हाडाचं असेल." मावशीला ते हाडाचं वाटलं नाही.

नवव्या दिवशी मावशीने पुन्हा एकेक घंटा वाजवली. सोडून गेलेली एकोणीस घरं आणि राहिलेली बारा. या वेळी कागद कापून दाखवला नाही. ती म्हणायची, "एक कांदा चिरून दाखवता का? तुमच्याच सुरीने, नेहमीसारखा."

लोकांना वाटलं बाईंना धक्का बसलाय. पाचव्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षकांनी "मला आता परीक्षा द्यायची नाही" म्हणून दार लावून घेतलं, आणि पाच मिनिटांनी उघडून विचारलं, "लाल कांदा की पांढरा?" एका घरात नवरा-बायकोचं भांडण झालं, कारण कांदा चिरायची वेळ आली तेव्हा सुरी कुठे असते हे नवऱ्याला माहीत नव्हतं. मावशी उभी राहून बघायची आणि मग जाड कार्डावर लिहायची. ती कार्डं मी पाहिली आहेत. 'चौथा मजला, डावीकडे. डावखुऱ्या. तळव्याने पात्याच्या पाठीवर भार देतात. अर्धी.' 'सातवा मजला. सुरीने डब्यांची झाकणं उघडतात, सांगून ऐकणार नाहीत. टोक गोल ठेवणे.' 'आठवा मजला. आजोबा एकटे. हात थरथरतो. धार कधीच पूर्ण नको, दर पंधरवड्याला थोडी.' एका कार्डावर फक्त 'उत्तम हात' आहे आणि खाली दोन रेघा.

एक गोष्ट तिने आजोबांपेक्षा वेगळी केली. ती सांगायची. "या महिन्याला अर्धी लावलीय," दारात उभं राहून म्हणायची. "पुढच्या महिन्याला थोडी वाढवू. तोवर दाबू नका, नुसती ओढा." कुणी तोंड वाकडं केलं. एक बाई म्हणाल्या, "म्हणजे महिना पूर्ण, धार अर्धी!" मावशी म्हणाली, "बोटं पूर्ण."

दुसरा महिना संपता संपता सव्वीस घरं झाली होती. तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एकोणतीस. तिथे गाडी अडली. नऊ मजली इमारतीतली बारा-तेरा घरं एकच सांगत होती: "आधी काकूंचं बघू." काकूंनी दुसऱ्या महिन्यापासून अर्ध्या धारेच्या सुऱ्या घेतल्या होत्या, त्याही फक्त दोन, आणि कुणापाशी चांगलं-वाईट बोलत नव्हत्या. शनिवारी मुदत संपत होती. कव्हरवाला येऊन टेबलाची लांबी मोजून गेला होता.

गुरुवारी मावशी काकूंच्या सुऱ्या घेऊन दगडापाशी बसली आणि दगडावर पाणी टाकूनही हात चालवेना. त्या संध्याकाळी ती आजोबांच्या डाव्या बाजूला जाऊन बसली.

"अण्णा, काकूंना पूर्ण द्यावी म्हणते."

"अजून एक महिना थांब."

"महिना नाही माझ्याकडे."

"म्हणून देतेयस?"

मावशीने विचार केला. "नाही. त्या आता पाटावर चिरतात. टाके निघाल्यावर अंगठा दुखायचा तेव्हा पाट घ्यायला लागला, तो राहिला. अंगठा मागे असतो. मी तीनदा बघितलंय. आणि मनगट सुजतं त्यांचं. वीस वर्षं दाबून दाबून सुजलंय. अर्ध्या धारेने ते बरं होणार नाही."

"आणि सवयीने अंगठा पुढे आला तर?"

"तर संपलं."

"हात तू बघितलायस," आजोबा म्हणाले. "मी नाही."

शुक्रवारी सहाला मावशी काकूंच्या स्वयंपाकघरात उभी होती. ओट्यावर सुऱ्या ठेवल्या आणि म्हणाली, "काकू, आज पूर्ण लावलीय. पहिल्या वेळी होती तशी. नको असेल तर आत्ता इथे दगडाचा एक हात फिरवून देते, दगड आणलाय."

काकूंनी सुरीकडे बघितलं, मग अंगठ्यावरच्या गुलाबी खुणेकडे. "तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणते तुमचा हात तयार आहे."

"आणि कापलं तर?"

"तर मी कुणाच्याच दारात उभी राहणार नाही."

काकूंनी पाट ओढला. टोमॅटो घेतला. मावशी सांगते, की ऐंशी थरांवर कटर टेकवतानाही तिचे तळवे कधी ओले झाले नव्हते. काकूंचा डावा हात टोमॅटोवर आला, अंगठा पुढे सरकला, सवयीने, आणि अर्ध्यात थांबून आपणहून मागे गेला. सुरी टेकली. काकूंनी दाबलंच नाही. चकती बाजूला पडली, इतकी पातळ की तिच्यातून पाटाचे डाग दिसत होते. दुसरी पडली. तिसरी. काकू कोबीकडे वळल्या, मग गाजरांकडे. पातेल्यात तेल तापून धुरायला लागलं तेव्हा मावशीने गॅस बारीक केला.

सात वाजले होते आणि सगळी भाजी चिरून झाली होती. एरवी पावणेआठ होत. काकूंनी सुरी खाली ठेवली, उजवं मनगट गोल फिरवून बघितलं, पुन्हा फिरवलं.

"इतकी वर्षं मी चिरत नव्हते हो," त्या म्हणाल्या. "चेचत होते."

मग त्यांनी दार उघडलं आणि जिन्यात तोंड वर करून, लिफ्ट आणि घंटा या गोष्टी जणू अजून शोधल्याच गेल्या नाहीत अशा आवाजात, हाका मारायला सुरुवात केली. तिसऱ्या मजल्याला, सहाव्याला, सेक्रेटरींच्या बायकोला. "सुऱ्या घेऊन खाली या! काय? हो, आत्ता! कांदाही आणा, त्या बघतात!"

शनिवारी संध्याकाळी मावशीची कार्डं चावीवाल्याने स्वतः मोजली. बेचाळीस. त्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, पुन्हा मोजली, आणि कव्हरवाल्याला फोन लावून "टेबल गेलं" एवढंच सांगितलं.

सोमवारी आजोबा कितीतरी महिन्यांनी घराबाहेर पडले. तोवर चाक नुसतं टेबलावर शिकंज्यात धरलेलं असे. मावशीने टेबलाला चार भोकं पाडली आणि चाक बोल्टने पक्कं केलं. आजोबांनी खुर्ची ओढून घेतली, चाकापुढे बसले, कोपर टेकवलं आणि मान हलवली.

"उंच झालंय. दोन बोटं पुढे घे, आणि खाली. नाही तर खांदा जाईल तुझा."

मावशीने बोल्ट काढले आणि आणखी चार भोकं पाडली. आजोबा पुन्हा बसले. "अजून एक बोट."

"अहो, माझं टेबल आहे ते," चावीवाला कुलपातून मान वर काढून म्हणाला. "चाळणी नाही."

"कुणाचं?" मावशीने ड्रिल थांबवून विचारलं, आणि आजोबांनी उजवा कान त्याच्याकडे केला.